भाड्याच्या घरातली न्हाणी : चोवीस चौरस फुटांचा हिशेब



आयताचं क्षेत्रफळ शिकवताना आपण फळ्यावर एक शेत काढतो, त्याला तारेचं कुंपण घालतो आणि मुलांना खर्च विचारतो. मुलं उत्तर काढतात आणि विसरून जातात, कारण ते शेत त्यांचं नसतं आणि कुंपणही नसतं. यंदा मी सातवी-आठवीसाठी शेताऐवजी न्हाणीघर घेतलं, आणि तेही भाड्याच्या घरातलं. कोल्हापुरात पेठांमधल्या जुन्या घरांत, राजारामपुरीच्या गल्ल्यांत, उपनगरांतल्या अपार्टमेंटमध्ये भाड्यानं राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची मुलं आपल्या वर्गात बसतात. अशा घरात 'एकदा बाथरूम तेवढं नीट करून घेऊया' हा विषय कधी ना कधी निघतोच. त्यात गणित आहे, विज्ञान आहे, नागरिकशास्त्र आहे आणि शेवटी एक पत्रलेखनही आहे. पालकांनी हे धडा म्हणून न वाचता सरळ कामाला घेतलं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलांना 'घरचं बाथरूम मोजून आणा' असा गृहपाठ देऊ नका. काही मुलांच्या घरी स्वतंत्र न्हाणीघर नसतं, चार कुटुंबांत मिळून एक संडास असतो, आणि ते वर्गात सांगायची त्यांना लाज वाटते. त्यापेक्षा वर्गाच्या फरशीवर खडूनं ४ फूट बाय ६ फुटांचा आयत आखा. जुन्या घरांत साधारण एवढीच न्हाणी असते. अडीच फुटांचं दार कुठं आहे ते दाखवा, बादली ठेवा, पाट ठेवा आणि एका मुलाला आत बसवून दुसऱ्याला दार उघडायला सांगा.

दार आत उघडत असेल तर पाट सरकवावा लागतो. मुलं हसतात, पण गणित तिथंच सुरू होतं. अडीच फुटांचं दार उघडताना पाव वर्तुळ व्यापतं. ३.१४ × २.५ × २.५ भागिले ४, म्हणजे सुमारे ४.९ चौरस फूट. एकूण जागा २४ चौरस फूट. म्हणजे जागेचा पाचवा हिस्सा नुसत्या दारानं खाल्ला. दार बाहेर उघडेल असं फिरवलं, की एकही वीट न हलवता न्हाणी मोठी होते. शिवाय घरात आजी-आजोबा असतील तर हे जागेपुरतं राहत नाही. माणूस आत घसरून दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही.

आधी करार, मग टाइल्स

आता दुकानाकडे वळायच्या आधी कपाटातला भाडेकरार काढा. हे मी अनुभवानं सांगते. लग्नानंतर आम्ही भाड्यानं राहत होतो, तिथं हौसेनं न्हाणीला टाइल्स लावल्या, मिक्सर बसवला. मालकांना तोंडी विचारलं होतं, 'करा की' म्हणाले होते. अकरा महिने संपले, त्यांच्या मुलाला घर हवं होतं, आम्ही निघालो. टाइल्स तिथंच राहिल्या आणि डिपॉझिटमधून जुनी शहाबादी फरशी फोडल्याचे पैसे उलट आमचेच कापले. मी खूप चिडले होते. मग करार काढून वाचला. 'लेखी परवानगीशिवाय कोणताही बदल करणार नाही' हे वाक्य त्यात स्पष्ट होतं, आणि खाली माझीच सही होती.

महाराष्ट्रात घरभाड्याचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, अशी समजूत अजून सर्रास आहे. ती आपल्या राज्यात चुकीची आहे.

मुलांना सगळ्यात रस येतो तो कलम १४ मध्ये. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवण्याची, म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी मालकाची, असं ते कलम म्हणतं. मालकानं टाळाटाळ केली, तर भाडेकरू निदान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण त्याला मर्यादा आहे : एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको.

इथं मुलांना दोन उदाहरणं घाला. पहिलं, एखाद्या वाड्यातली आजोबांच्या काळापासूनची खोली, भाडं महिना ३०० रुपये. वर्षाचे ३,६००, त्याचा पाव हिस्सा ९०० रुपये. दुसरं, महिना ७,००० रुपये भाड्याचं घर. वर्षाचे ८४,०००, पाव हिस्सा २१,०००. दुसऱ्या घरात गळकं पाइप आणि फरशी दोन्ही उरकता येईल. पहिल्या घरात एखादा नळ आणि नवी जाळी, एवढंच. कायदा दोघांना एकच, टक्केवारीही एकच, पण हाती पडतं ते असं. मग मालकाची बाजूही मुलांना मांडू द्या : वर्षाला ३,६०० रुपये मिळणारा माणूस न्हाणी कशी बांधून देईल? पेठांमधल्या कितीतरी जुन्या घरांच्या पडझडीमागे हेच त्रैराशिक आहे, असं माझं मत आहे.

मात्र कलम १४ 'भाडेकरू'साठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. हल्ली बहुतेक नवे करार याच प्रकारचे असतात, म्हणून तिथं सगळा आधार करारातल्या वाक्यांवर. सही करायच्या आधीच दुरुस्तीचं एक वाक्य त्यात घालून घ्यावं. कोणती दुरुस्ती कोणाची, याची एक चांगली यादी केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळ आणि त्याचे वॉशर, तुंबलेली मोरी साफ करणं, बेसिन, कमोड आणि गिझरची दुरुस्ती, स्विच आणि सॉकेट हे भाडेकरूकडे. हा नमुना कायदा आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण बोलणी करताना समोर ठेवायला उपयोगी पडतो.

दुरुस्ती आणि बदल यांतला फरकही इथंच शिकवून टाका. गळणारा पाइप बदलणं ही दुरुस्ती. चांगली असलेली फरशी आवडत नाही म्हणून काढणं हा बदल. आणि त्यापुढची पायरी म्हणजे नवं बांधकाम. कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर तो घर खाली करून मागू शकतो. हवेसाठी खिडकी काढणं किंवा एक्झॉस्टची वाट करणं याला तिथं कायमस्वरूपी बांधकाम मानलेलं नाही, जिथं लागेल तिथं महापालिकेची परवानगी घेतली म्हणजे झालं. पण अंगणात चार विटांची भिंत घालून वर पत्रा टाकला आणि 'ही आमची नवी न्हाणी' म्हटलं, तर ते अंगाशी येऊ शकतं.

पाणी कुठं जातं?

न्हाणीतली बहुतेक दुखणी भिंतीत नसतात, फरशीखाली असतात. तरी माणसं पैसे भिंतीवर घालतात, कारण पाहुण्यांना भिंत दिसते.

फरशीतल्या जाळीखाली जो वाडग्यासारखा भाग असतो त्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपलाच न्हाणी शब्द त्यात बसलेला आहे, आणि अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही तो तसाच छापतात. मराठीच्या तासाला हे जरूर सांगा. या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलीमीटर उंचीचं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातला वास वर येऊ देत नाही. मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाऊन आलं, की न्हाणी का घाण मारते, हे मुलांना विचारा. बाष्पीभवन! ट्रॅप कोरडा पडलेला असतो. दोन तांबे पाणी ओतलं की वास जातो. पण रोज वापर असूनही वास येत असेल, तर ट्रॅप फुटलेला आहे किंवा मुळातच बसवलेला नाही. तेव्हा फरशी उचलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते काम मालकाला सांगण्याचं आहे.

दुसरा मुद्दा उताराचा. दारापासून जाळीपर्यंत सहा फूट अंतर असेल, तर फरशी एक इंच उतरती हवी. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून उतार ७२ ला १. याहून फार कमी झाला तर पाणी तुंबतं, शेवाळ धरतं आणि आजी घसरते. जास्त झाला तर ओल्या पायानं उभं राहणं अवघड. गवंडी हा उतार पारदर्शक पाइपात पाणी भरून बघतो. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येतं, ही विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती. वर्गात तीन-चार मीटर पाइप आणून खिडकीच्या दोन चौकटी सारख्या उंचीवर आहेत का, ते मोजायला लावा. आमच्या वर्गात नव्हत्या.

हेच तत्त्व पुराच्या वेळी उलटं लागू होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा सखल भागांत काही घरांत पाणी दारातून येण्याआधी न्हाणीच्या जाळीतून वर आलं. नदी चढली, की गटारातलं पाणी आपली पातळी शोधत सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडणारच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या मुलांना पाठच असतात. तळमजल्यावर भाड्यानं राहत असाल, तर न्हाणीत खाली लाकडी कपाट करू नका, वॉशिंग मशीनचा प्लग कमरेच्या वर घ्या आणि जाळीला घट्ट बसेल असं बूच घरात ठेवा. पाण्याचा दाब फार वाढला तर बूचही टिकणार नाही, पण सामान हलवायला वेळ मिळतो.

फरशी नव्यानं करायचीच असेल, तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि टाइल्स लावायच्या आधी पाणी साठवून बघण्याची चाचणी सोडू नका. जाळी बंद करायची, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची आणि २४ ते ४८ तास थांबायचं. खालच्या घराच्या छताला ओल आली, तर काम पुन्हा. गवंडी म्हणेल, 'काही गरज नाही मॅडम.' तरी करायचं. टाइल्स लागल्यावर गळती सापडली, तर खालच्या घरातल्यांशी भांडण होतं ते भाडेकरूचं. मालक तिथं राहतच नसतो.

जुन्या लाकडी तुळयांच्या घरात वरच्या मजल्यावर न्हाणी असेल, तर आणखी एक गणित आहे. जुन्या फरशीवरच दोन इंच नवा कोबा टाकला, तर २४ चौरस फूट गुणिले एक षष्ठांश फूट, म्हणजे ४ घनफूट माल झाला. घनमीटरमध्ये ०.११३. एक घनमीटर कोब्याचं वजन दोन हजार किलोच्या आसपास धरलं, तर सव्वादोनशे किलो. तीन-चार मोठी माणसं कायम एकाच कोपऱ्यात उभी केल्यासारखं. आधी जुनं काढा, मगच नवं टाका. आणि तुळयांना हात लावायची वेळ आली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका.

टाइल्सचा हिशेब

फरशी २४ चौरस फूट. भिंतींना ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स. परिमिती २० फूट, म्हणून २० × ७ = १४०. त्यातून दार वजा : २.५ × ६.५ = १६.२५. उरले १२३.७५ चौरस फूट. तुटफूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के वाढवले, की १३६.१ होतात. भिंतीची टाइल १२ बाय १८ इंचांची, म्हणजे दीड चौरस फुटाची. समजा खोक्यात ६ टाइल्स आहेत, तर एक खोकं ९ चौरस फुटांचं. भागाकार १५.१ येतो. मुलं 'पंधरा' म्हणतात, कारण पूर्णांकात रूपांतर करताना ०.१ सोडून द्यायला आपणच शिकवलेलं असतं. दुकानात मात्र सोळा घ्यावी लागतात. पंधरात दोन टाइल्स कमी पडल्या आणि पुढच्या मालाच्या रंगात जरा फरक निघाला, की तेवढाच तुकडा आयुष्यभर डोळ्यात सलतो. प्रत्येक कंपनीच्या खोक्यात किती टाइल्स हे वेगळं असतं, ते खोक्यावर छापलेलं असतं. फरशीसाठी खरखरीत, न घसरणारीच टाइल घ्या. चकचकीत टाइल भिंतीला शोभते.

गरम पाणी आणि हवा

इथं मी गंमत बाजूला ठेवते. चार बाय सहाच्या न्हाणीत, आठ फूट उंची धरली तर, १९२ घनफूट हवा असते, म्हणजे साडेपाच घनमीटरांच्या आत. त्यात गॅस गिझर लावला आणि खिडकी बंद ठेवली, तर ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. अंघोळीला गेलेली माणसं अशी दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणायचा. तशी जागाच नसेल, तर गॅस गिझर घ्यायचा नाही. मालकानं आधीच आत बसवलेला असेल, तर तो हलवून मागा, आणि हे काम टाइल्सच्याही आधी.

विजेचा गिझर २,००० वॅटचा असतो. २३० व्होल्टनं भागलं, की ८.७ अँपिअर येतात. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर तो चालवणं म्हणजे वायर तापवणं. १६ अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एवढं हवंच. जुन्या घरात अर्थिंग नुसतं प्लगच्या तिसऱ्या भोकापुरतं असतं, भिंतीमागे वायरच नसते. परवानाधारक वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

महिन्यांनी भागा

सगळा अंदाज निघाला, की एकच भागाकार करायचा : खर्च भागिले करारातले उरलेले महिने. समजा १२,००० रुपयांचं काम आहे. करार संपायला पाच महिने असतील, तर ते महिना २,४०० रुपये पडतं. अकरा असतील तर १,०९१. तेहतीस महिन्यांचा करार असेल तर फक्त ३६४. म्हणून काम काढायच्या आधी मालकांशी मुदतवाढीचं बोला. 'आम्ही फरशी करतो, तुम्ही करार तीन वर्षांचा करा' हा सौदा दोघांच्या फायद्याचा असतो, आणि घर नीट राहतं म्हणून मालकही अनेकदा तयार होतात.

स्क्रूनं निघतं आणि आपल्याबरोबर टेम्पोत जातं, त्याला हा भागाकार लागू नाही. विजेचा गिझर, आरसा, रॅक, हँड शॉवर, आजीसाठी भिंतीला लावलेला आधाराचा दांडा, खालचा रबरी मॅट हे सगळं तुमचंच. जुने नळ मात्र काढल्यावर फेकू नका. पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा आणि निघताना पुन्हा बसवून द्या. पैसे कमी असतील, तर पहिले पैसे वीज आणि हवेवर, नंतर ट्रॅप आणि उतारावर, उरले तर टाइल्सवर. कामाला दहा-बारा दिवस धरा आणि तेवढे दिवस अंघोळ कुठं करायची ते शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. दहावीची परीक्षा आणि पावसाळा टाळा, आपल्याकडच्या पावसात गिलावा वाळता वाळत नाही.

पत्र

औपचारिक पत्रलेखनाला यापेक्षा चांगला विषय मला सापडला नाही. नमुना असा :

प्रति, मा. घरमालक
विषय : न्हाणीघराची दुरुस्ती व बदलांना लेखी संमती मिळण्याबाबत
महोदय, स. न. वि. वि.
आपल्या घरातील न्हाणीच्या फरशीला उतार नसल्याने पाणी साचते व जाळीतून वास येतो. फोटो सोबत जोडले आहेत. ट्रॅप व पाइप बदलण्याचे काम आपण १५ दिवसांत करून द्यावे, ही विनंती. दार बाहेरच्या बाजूस उघडेल असे फिरवणे व भिंतीस टाइल्स लावणे हे काम आम्ही स्वखर्चाने करू इच्छितो. घर सोडताना टाइल्स तशाच राहतील, गिझर व आधाराचा दांडा आम्ही घेऊन जाऊ व भिंतीवरील भोके बुजवून देऊ. या कामापोटी अनामत रकमेतून कपात होणार नाही, असे आपल्या संमतिपत्रात नमूद करावे.
आपला नम्र

पत्राची पोच घ्या, आणि काम सुरू व्हायच्या आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो तारखेसकट जपून ठेवा.

वर्गात अर्ध्या मुलांना भाडेकरू करा आणि अर्ध्यांना मालक, म्हणजे प्रत्येक पत्राला उत्तर मिळतं. मालक झालेली मुलं फार कडक निघतात. आमच्यातल्या एकानं लिहिलं होतं : 'टाइल्सला हरकत नाही. परंतु उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवून जाव्यात, कारण पुढे एखादी फुटली तर त्या रंगाची मिळणार नाही.'